चोक्टॉंची जमीन ‘विकली’ गेली म्हणजे नेमकं काय झालं?

रानजाई

गेल्या शनिवारी ड्युरँटला जाऊन आले. डॅलसहून गाडीने दीड तास. रेड नदी ओलांडली की ओक्लाहोमा लागतं. ड्युरँटला चोक्टॉ या अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्राचं मुख्यालय आहे आणि 2021 मध्ये सुरू झालेलं सांस्कृतिक केंद्रही. मुलगी सातवीत आहे, तिच्या शाळेच्या प्रकल्पासाठी गेलो होतो. तिच्या वहीत आधीच एक वाक्य उतरवलेलं होतं: चोक्टॉंनी आपली जमीन सरकारला विकली आणि ते पश्चिमेला गेले. परत येताना तिने गाडीतच ‘विकली’ हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहायचं ते तिला सुचेना. मलाही सुचलं नाही. तेव्हापासून रोज रात्री वाचत बसले आहे, म्हणून हा धागा.

चोक्टॉ मूळचे आजच्या मिसिसिपी राज्यातले. मका पिकवणारे, गावं करून राहणारे लोक. जमीन सगळ्या समाजाची. कसेल तोवर शेत त्या घराचं, सोडलं की पुन्हा सगळ्यांचं. अशी जमीन कुणा एकाला विकता येत नाही. मग ती गेली कशी?

सुरुवात उधारीने झाली. हरणाची कातडी देऊन चोक्टॉ कापड, बंदुका, दारूगोळा घेत. व्यापारी खात्यावर माल देत राहिले, आणि ते खातं कधी फिटलंच नाही. अध्यक्ष जेफरसन यांनी 1803 मध्ये एका गव्हर्नरला खाजगी पत्रात लिहिलं होतं की यांच्यातली वजनदार माणसं कर्जात बुडाली तर आपल्याला आनंदच आहे. कर्ज डोईजड झालं की ते जमीन देऊन मोकळे होतात. दोनच वर्षांनी, 1805 मध्ये, माउंट डेक्स्टरचा करार झाला. सुमारे 41 लाख एकर जमीन गेली. सरकारने मोजले पन्नास हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यातले 48 हजार व्यापाऱ्यांची देणी भागवायला. म्हणजे पैसा चोक्टॉंच्या हाताला लागण्याआधीच वाटला गेला.

1820 मध्ये डोक्स स्टँडला अँड्र्यू जॅक्सन, जे पुढे अध्यक्ष झाले, स्वतः वाटाघाटीला आले. समोर पुशमताहा हा चोक्टॉ प्रमुख. जॅक्सन ज्या पश्चिमेच्या जमिनीचं वर्णन करत होते ती पुशमताहाने शिकारीच्या निमित्ताने पायाखाली घातलेली होती. त्याने तोंडावर सांगितलं की तिचा बराच भाग तुम्ही म्हणता तसा नाही, आणि तिथे गोरे लोक आधीच घरं करून आहेत. तरी मिसिसिपीतली जमीन देऊन पश्चिमेची घेण्याचा करार झाला. पाचच वर्षांत, 1825 ला, त्या मिळालेल्या जमिनीचा पूर्वेकडचा पट्टा चोक्टॉंना सोडावा लागला, कारण तिथे खरोखरच गोऱ्यांची वस्ती होती. पुशमताहा त्याच वाटाघाटींसाठी वॉशिंग्टनला गेला आणि डिसेंबर 1824 मध्ये तिथेच वारला.

मग 1830. मे महिन्यात आदिवासींना हटवण्याचा कायदा झाला आणि 27 सप्टेंबरला डान्सिंग रॅबिट क्रीकचा करार. त्या कायद्याखालचा हा पहिला. मिसिसिपीतली उरलेली सुमारे 1 कोटी 10 लाख एकर जमीन गेली. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर हे चारही जिल्हे एकत्र केले तरी थोडे कमीच पडतील. बैठकीला हजारो लोक जमले होते. बहुतेकांनी ठाम नकार दिला, आता विषय संपला असं समजून घरची वाट धरली, आणि मागे उरलेल्यांकडून सह्या घेतल्या गेल्या.

आता मला सांगा, याला विक्री म्हणायचं का?

पाटील_नि_पेठ

लेख आवडला. पण मनात आलं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सह्या त्यांच्याच प्रमुखांच्या होत्या. ग्रीनवूड लफ्लोर या प्रमुखाने सही केली, स्वतः मिसिसिपीतच राहिला, मोठा जमीनदार झाला आणि पुढे राज्याच्या सिनेटवरही गेला. बदल्यात पश्चिमेला दीड कोटी एकर मिळाली. कागदावर तरी हा अदलाबदलीचा व्यवहार दिसतो. सगळा दोष एकाच बाजूचा कसा?

रानजाई

राग कशाला, प्रश्न रास्तच आहे. लफ्लोरबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं, आणि त्याच्याच लोकांनी त्याला त्यासाठी कधी माफ केलं नाही. पण त्याच करारातलं 14 वं कलम बघा. ज्यांना मिसिसिपीतच राहायचं असेल त्या कुटुंबप्रमुखाला 640 एकर, दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलामागे 320 आणि लहान मुलामागे 160. पहिली अट अशी, सहा महिन्यांत सरकारी एजंटकडे नाव नोंदवायचं. हा एजंट होता विल्यम वॉर्ड. लोक नावं घेऊन जात आणि हा लिहून घेत नसे. शेवटी नोंद झाली फक्त 69 कुटुंबप्रमुखांची. हजारो लोक मागे राहिले आणि कागदावर त्यांचं काहीच नव्हतं. अदलाबदल म्हणायची तर दोन्ही बाजूंनी पाळायला हवी ना.

आणि बदल्यात मिळालेल्या जमिनीपर्यंत पोहोचायचं कसं? 1831 च्या हिवाळ्यात पहिले जथे निघाले. थंडी, पूर, पुढच्या वर्षी पटकी. एकूण सुमारे पंधरा हजार लोक गेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास वाटेतच मरण पावले असं मानतात.

बांधावरून

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं फेरफार नोंदी पाहिल्या. रानजाईताई, तुमच्या कन्येच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो.

आपल्याकडे सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणजे जमीन विकली असं कोणी म्हणत नाही. फेरफाराचा प्रकार लिहावा लागतो. खरेदी, वारस, वाटप, बोजा, बक्षीस, संपादन. प्रत्येकाचा कागद वेगळा, नोटीस वेगळी, हरकतीची मुदत वेगळी. चोक्टॉंच्या इतिहासाला हाच नियम लावून बघा. तुम्ही लिहिलेला 1805 चा व्यवहार बोजाचा आहे: सावकाराची वसुली, आणि सावकाराच्या पाठीशी सरकार. 1830 चं प्रकरण सक्तीच्या संपादनाचं. या सगळ्यांवर पुस्तकात ‘खरेदी’ असा एकच शेरा मारून ठेवलाय, घोटाळा तिथेच आहे. मुलीला सांगा, एक शब्द शोधू नकोस. दर वेळचा वेगळा लिही.

खरेदीला तीन गोष्टी लागतात. विकणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे. किंमत दोघांनी ठरवली पाहिजे. पैसा विकणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. इथे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्याचं मला तरी दिसत नाही.

वेणू_जोशी

काका, नोंदीवरून आठवलं. पैसा हातात पडण्याचीही मोठी कथा आहे. सरकारने मिसिसिपीतली ती जमीन पुढे लिलावात विकली. चोक्टॉंचं म्हणणं पडलं की खर्च वजा जाता उरलेली निव्वळ रक्कम आमची आहे. पीटर पिचलिन नावाचा त्यांचा प्रमुख यासाठी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. 1859 मध्ये सिनेटने त्यांच्या बाजूने सुमारे 29 लाख 81 हजार डॉलरचा निवाडा दिला. पैसे मात्र पूर्ण दिले नाहीत. पुढे यादवी युद्ध आलं, मग टाळाटाळ. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चोक्टॉंच्या बाजूने लागला तो 1886 मध्ये. पिचलिन 1881 लाच वारला होता. वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत पुशमताहा आहे, तिथेच पिचलिनही आहे. दोघेही हिशेब मागायला गेले आणि तिथेच राहिले. मी त्या थडग्यांपाशी जाऊन आले आहे. बराच वेळ पाय निघेना.

रक्कम आली तेव्हा तिचा मोठा लचका वकील आणि मध्यस्थांनी तोडला.

बांधावरून

छप्पन्न वर्षं! आमच्याकडेही वाढीव मोबदल्याची प्रकरणं नातवंडांपर्यंत चालतात, पण निवाडा देऊनही सत्तावीस वर्षं रक्कम अडवणं हे फारच झालं.

काळी_माती_चंद्रपूर

मी कोळसा खाणीत सर्व्हेअर आहे, म्हणून माझा रस जमिनीखालच्या हक्कांत. त्यावर कोणी लिहील का? आपल्याकडे महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे खनिजं सरकारची. शेतकरी फक्त वरच्या मातीचा धनी. चोक्टॉंकडे काय होतं?

रानजाई

तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण मला स्वतःला हाच भाग सगळ्यात जास्त शिकवून गेला.

पश्चिमेला आल्यावर चोक्टॉंनी स्वतःची राज्यघटना केली, शाळा काढल्या, न्यायालयं बसवली. जमीन पुन्हा सगळ्यांची. त्यांच्या घटनेत एक तरतूद होती: कुणा चोक्टॉ नागरिकाला खनिज सापडलं तर त्या ठिकाणापासून चहूबाजूंना एक मैलापर्यंत खणण्याचा हक्क त्याचा. जे. जे. मॅकॲलेस्टर नावाच्या एका गोऱ्या दुकानदाराला इथे कोळसा असल्याचं कळलं होतं. त्याने चोक्टॉंशी हक्कांत वाटेकरी असलेल्या चिकसॉ जमातीतल्या रिबेका बर्नी हिच्याशी लग्न केलं आणि त्या नात्याने नागरिकत्वाचे हक्क मिळवले. 1872 मध्ये रेल्वे आली आणि कोळशाला बाजार मिळाला. मग वाद पेटला की रॉयल्टी त्या माणसाची की राष्ट्राची? कोलमन कोल हा चोक्टॉ प्रमुख इतका संतापला की त्याने मॅकॲलेस्टर आणि त्याच्या साथीदारांना देहदंड फर्मावला असं सांगतात. ते निसटले. पुढे रॉयल्टीची वाटणी ठरली आणि राष्ट्राच्या वाट्याचा पैसा शाळांकडे जाऊ लागला. मॅकॲलेस्टर नंतर ओक्लाहोमाचा उपराज्यपाल झाला, त्याच्या नावाचं शहर आजही आहे.

म्हणजे काळी_माती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की वरची माती आणि खालचा कोळसा, दोन्ही समाजाचं होतं. एक माणूस वापरू शकत होता, विकू शकत नव्हता.

मग सरकारने वाटप लादलं. 1897 चा अटोका करार, 1898 चा कर्टिस कायदा, 1902 चा पूरक करार. प्रत्येक माणसाचं नाव डॉज आयोगाच्या, म्हणजे वाटपासाठी सरकारने नेमलेल्या आयोगाच्या, यादीत, आणि प्रत्येकाला सरासरी प्रतीची 320 एकर. सामाईक मालकी संपली. कोळसा आणि डांबराची साडेचार लाख एकरांच्या जवळपास जमीन मात्र वाटपातून वेगळी काढली. शब्द दिला होता की तीन वर्षांत लिलाव करू आणि पैसा दरडोई वाटू. 1906 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो लिलाव थांबवला. 1912 पासून नुसता वरचा पृष्ठभाग विकायला काढला. खालचा कोळसा पडून राहिला. मधल्या काळात तेल आणि वायू आले, कोळशाची मागणी बसली, भाव कोसळला. उरलेला कोळसा केंद्र सरकारनेच विकत घेतला तो 1940 च्या दशकाच्या अखेरीला, 85 लाख डॉलरला. तीन चतुर्थांश चोक्टॉंना, एक चतुर्थांश चिकसॉंना. 1902 च्या यादीत जी माणसं होती त्यातली कितीतरी तोवर हयात नव्हती.

काळी_माती_चंद्रपूर

ताई, हे वाचून सुन्न झालो. खाणीत काम करणाऱ्याला एवढं नक्की कळतं की कोळशाची किंमत वेळेवर असते. रेल्वे आणि गिरण्या कोळशावर चालत होत्या तेव्हा विकू द्यायचा नाही, आणि दर पडल्यावर आपणच घ्यायचा. विकण्याची वेळ ज्याच्या हातात, किंमत त्याच्याच हातात. घेणारा आणि राखणदार एकच असेल तर मोजमाप कितीही बरोबर असू दे, व्यवहार बरोबर होत नाही.

वेणू_जोशी

त्या मधल्या काळात वकिलांनीही हात धुऊन घेतले. मॅकमरी नावाच्या वकिलाने हजारो चोक्टॉ-चिकसॉ माणसांकडून वैयक्तिक करार करून घेतले की कोळसा-लाकडाची जमीन विकून आलेल्या पैशातले दहा टक्के त्याचे. 1910 मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर थॉमस गोर यांनी भर सिनेटमध्ये सांगितलं की हे करार मंजूर व्हावेत म्हणून मला 25 हजार डॉलर देऊ केले होते. चौकशी बसली, करार बारगळले.

बांधावरून

खातेफोड झाली की एकेका हिश्शाला गिऱ्हाईक लागतं. एकत्र कुटुंबाची शंभर एकर कोणी हलवू शकत नाही, पण दहा भावांची दहा-दहा एकर दोन पिढ्यांत जाते. माझ्या नोकरीत हे इतक्यांदा पाहिलं की पुढे काय झालं असेल ते न विचारताच कळतं. तरी विचारतो. आपल्याकडे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून कलम 36 आणि 36-अ आहे. तिथे अशी काही आडकाठी ठेवली नव्हती का?

रानजाई

होती काका. सुरुवातीला विकण्यावर बंधन होतं. 27 मे 1908 च्या कायद्याने ते रक्ताच्या प्रमाणावर टांगलं. यादीत अर्ध्याहून कमी आदिवासी रक्त लिहिलेलं असेल तर जमीन पूर्ण मोकळी. अर्धं ते पाऊण असेल तर घराभोवतालचा ठरावीक तुकडा तेवढा सुरक्षित. पाऊण आणि वर असेल तरच सगळी सुरक्षित. एका रात्रीत लाखो एकर बाजारात आली.

आणि अल्पवयीन मुलांच्या जमिनी काउंटीच्या न्यायालयांकडे गेल्या. न्यायालय पालक नेमणार, आणि हा पालक बहुतेक वेळा स्थानिक गोरा वकील किंवा व्यापारी. सरकारी अहवालांत नव्हे, तर गर्ट्रूड बॉनिन या डकोटा लेखिकेने दोन सहकाऱ्यांबरोबर 1924 मध्ये लिहिलेल्या अहवालात एका सात वर्षांच्या चोक्टॉ मुलीची हकीकत आहे. तिच्या वारशाच्या जमिनीत तेल होतं. ती आजीबरोबर खोपटात राहायची. पालक त्यांना एका दुकानातून महिन्याला पंधरा डॉलरचा माल उचलू द्यायचा. मुलगी खंगली. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती उपासमारीने आजारी होती. 1923 मध्ये ती गेली.

हे मी मुलीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते कळत नाही.

मावळती

आपण सगळे चोक्टॉंकडूनच बघतोय, त्यात एक बाजू सुटायला नको. चोक्टॉंमधले श्रीमंत लोक आफ्रिकन माणसांना गुलाम म्हणून पाळत होते. पश्चिमेला जाताना त्यांना बरोबर नेलं. यादवी युद्धाच्या तोंडावर चोक्टॉ राष्ट्रात दोन हजारांहून जास्त गुलाम होते, आणि राष्ट्र दक्षिणेच्या बाजूने लढलं. 1866 च्या करारात त्यांना मुक्त करावं लागलं. पण मुक्त झालेल्यांना नागरिक म्हणून स्वीकारायला चोक्टॉंनी 1885 उजाडवलं. वाटपात चोक्टॉंना 320 एकर आणि त्यांना 40 एकर. त्यांच्या जमिनीवरची बंधनं 1908 मध्ये सरसकट उठली. 1983 च्या चोक्टॉ घटनेने नागरिकत्व रक्ताच्या यादीला जोडलं आणि त्यांचे वंशज बाहेर राहिले. ज्यांनी ती जमीन कसली त्यांचाही हिशेब या धाग्यात हवा.

रानजाई

मावळती, मनापासून आभार. हे माझ्याकडून सुटलं होतं, सुटायला नको होतं. सांस्कृतिक केंद्रात मी ही बाजू शोधायला हवी होती. पुढच्या वेळी नक्की बघेन आणि मुलीच्या प्रकल्पातही घालायला सांगेन.

पाटील_नि_पेठ

वरचं सगळं वाचून माझं पहिलं मत बदललं हे कबूल करतो. पण एक विचारतो. विसाव्या शतकात तरी त्यांच्या नेत्यांनी स्वतः जमीन विकायची मागणी केली होती ना? असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

वेणू_जोशी

बरोबर वाचलंत. हॅरी बेल्विन हे तेव्हाचे प्रमुख. लोक गरिबीत होते, उरलेली सामाईक मालमत्ता थोडी. ती विकून पैसे दरडोई वाटावेत म्हणून त्यांनी कायदा मागितला आणि 1959 मध्ये तो झाला. पण त्या कायद्याने जमिनीबरोबर चोक्टॉ राष्ट्राची केंद्र सरकारशी असलेली मान्यताच संपणार होती. अंमलबजावणीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. साठच्या दशकाच्या शेवटी ओक्लाहोमा सिटीतल्या तरुण चोक्टॉंना याचा खरा अर्थ कळला. त्यांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, घरोघर पत्रं पाठवली. ऑगस्ट 1970 मध्ये, कायदा लागू व्हायला एक दिवस उरलेला असताना, तो रद्द झाला.

आणि त्याच 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आर्कान्सा नदीचं पात्र ओक्लाहोमा राज्याचं नसून चेरोकी, चोक्टॉ आणि चिकसॉंचं आहे. पात्राखालचे वायू-तेलाचे हक्कही त्यातच. संपवणारा कायदा तसाच राहिला असता तर तो निकाल घ्यायला पुढे कोण उभं राहिलं असतं?

बांधावरून

पात्राची नोंद कुणाच्याच नावावर नाही म्हणून राज्याने धरली होती, असंच ना? आमच्याकडे नदीपात्राचे वाद पाहिलेत, तिथे वाळूचा पैसा असतो.

वेणू_जोशी

हो काका. आणि शेवट पुन्हा तडजोडीतच. 2002 च्या कायद्याने तिन्ही राष्ट्रांना मिळून 4 कोटी डॉलर दिले आणि त्यांनी जुने दावे सोडले. लाकडाचंही तसंच. सुमारे 13 लाख एकर जंगलाची जमीन सरकारने विश्वस्त म्हणून विकली होती, तिचा हिशेब नीट दिला नाही म्हणून चोक्टॉ आणि चिकसॉंनी 2005 मध्ये दावा लावला. 2015 मध्ये 18 कोटी 60 लाख डॉलरवर मिटला. चोक्टॉंच्या वाट्याला 13 कोटी 95 लाख.

काळी_माती_चंद्रपूर

म्हणजे कोळसा गेला, लाकूड गेलं, नदीपात्राचे पैसे झाले. आता हातात काय उरलंय? जमीन कधी परत मिळाली का?

रानजाई

एक जागा मिळाली. मिसिसिपीत नानिह वाया नावाचा मातीचा प्राचीन उंचवटा आहे. चोक्टॉ त्याला आई म्हणतात. त्यांच्या एका कथेप्रमाणे सगळी जमात तिथून बाहेर आली. 1830 च्या करारात तोही गेला होता, पुढे राज्याचं उद्यान झाला. मागे राहिलेल्यांच्या वंशजांना, म्हणजे मिसिसिपी चोक्टॉंना, तो 2008 मध्ये परत मिळाला.

आणि पाणी उरलंय. ओक्लाहोमाच्या आग्नेयेला सार्डिस नावाचा तलाव आहे. 2010 मध्ये ओक्लाहोमा सिटीने त्यातल्या साठ्याचे हक्क घेतले. पुढच्याच वर्षी चोक्टॉ आणि चिकसॉ न्यायालयात गेले. आमच्या मुलखातलं पाणी आम्हाला न विचारता कसं देता, एवढाच मुद्दा. पाच वर्षं चर्चा चालली. 2016 मध्ये समझोता झाला आणि वर्षअखेरीला काँग्रेसने तो मंजूर केला. शहराला पाणी मिळतं, पण किती उचलायचं ते तलावाच्या पातळीशी बांधलेलं आहे. पातळी ठरावीक रेषेच्या खाली गेली की उचल आवळावी लागते. वेगवेगळ्या महिन्यांसाठी वेगवेगळ्या रेषा. मासे आणि किनाऱ्यावरची गावं धरून त्या ठरवल्यात.

बांधावरून

ही नोंद मात्र मला पटली. रक्कम एकदा देऊन विषय संपवलेला नाही. मोजणी पुढेही चालू राहते, आणि करारात दोन्ही बाजू आहेत. ताई, तिकडे कधी गेलात तर पातळी दाखवणारी खूणपट्टी असेल, तिचा फोटो टाका.

रानजाई

काका, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून तुस्काहोमाला त्यांची जत्रा भरते. 1884 मध्ये बांधलेली जुनी राजधानीची इमारत तिथेच आहे, आणि सार्डिस तिथून जवळच. जाणार आहोत. मुलीने आजच वहीत तुमचे फेरफाराचे प्रकार उतरवून घेतले. ‘बोजा’ला इंग्रजीत काय लिहू म्हणून विचारत होती. फोटो नक्की टाकते.